शेजाऱ्याच्या खरेदीखतात आपले घर: पुण्यातील जुन्या वास्तूच्या मालकांचा माग कसा काढावा

पुण्याच्या पेठांतील वाड्याला बहुधा एकाच घराण्याचे नाव चिकटून राहते आणि त्या नावाआड आधीचे व नंतरचे मालक झाकले जातात. नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी 1905 साली विकत घेतला आणि पुढे तो केसरीवाडा म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथे दोन्ही नावे आणि मालकी बदलल्याचे वर्ष लोकांच्या स्मरणात राहिले, कारण घेणारा माणूस तेवढा मोठा होता. सामान्य घराच्या बाबतीत हे काम आपल्यालाच करावे लागते. आमच्या शनिवार पेठेतील घराविषयी "हे आजोबांनी बांधले" असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्यक्षात आजोबांनी ते विकत घेतले होते, त्यांच्याआधी किमान चार मालक होऊन गेले होते आणि त्यांपैकी एक विधवा बाई होती, जिचे नाव आमच्या घरात कधी कोणी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. तो शोध घेताना जी पद्धत उपयोगी पडली ती येथे मांडतो आहे.

पहिला नियम असा की शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. एखाद्या पेशवेकालीन सरदारापासून सुरुवात करून आपल्या घरापर्यंत पोहोचण्याचा मोह अनेकांना होतो. पण तसे केल्यास त्या घराण्याच्या दहा मिळकतींपैकी आपली कोणती, हेच ठरवता येत नाही. आजच्या मालकापासून एकेक पायरी मागे जावे आणि प्रत्येक मालकाबाबत दोन प्रश्न विचारावेत: घर त्याच्याकडे कोणाकडून आले आणि कोणत्या कारणाने आले. खरेदी, वारसा, वाटणी, दत्तक, बक्षीस, गहाण, न्यायालयीन लिलाव यांपैकी कारण कोणते हे कळले, की पुढचा कागद कोणत्या कार्यालयात शोधायचा हे आपोआप ठरते.

आधी क्रमांक, मग माणसे

एकाच घराला निरनिराळ्या काळात निरनिराळे क्रमांक मिळालेले असतात आणि ते जुळवल्याशिवाय एकही दफ्तर उपयोगी पडत नाही. पेठांमध्ये नगर भूमापन क्रमांक, म्हणजे बोलीतला सिटी सर्व्हे नंबर, हा मुख्य आधार असतो. महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर पेठवार घर क्रमांक वेगळा असतो, आणि जुन्या दस्तांत नगरपालिकेच्या काळातील त्याहून वेगळा क्रमांक आढळतो. पुण्याची नगरपालिका 1857 साली स्थापन झाली आणि 1950 साली तिची महानगरपालिका झाली. त्या जवळजवळ शंभर वर्षांत आकारणी अनेकदा नव्याने झाल्यामुळे क्रमांक बदलत गेले. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सर्व जुने-नवे क्रमांक, ते ज्या कागदावर सापडले त्या कागदाच्या तारखेसह, लिहून ठेवावेत.

पेठांबाहेर गोष्ट वेगळी आहे. डेक्कन जिमखाना, एरंडवणे, शिवाजीनगर या भागांतील बंगल्यांखालची जमीन पूर्वी शेतीची होती, त्यामुळे तेथे सातबारा, फेरफार आणि नगररचना योजनेतील अंतिम भूखंड क्रमांक हा क्रम धरावा लागतो. शिवाजीनगरचे जुने नाव भांबुर्डे असल्याने त्या भागाचे जुने दस्त भांबुर्डे या नावाखालीच शोधावेत. पेठांची नावेही बदललेली आहेत: गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती, रास्ता पेठ शिवपुरी म्हणून आणि नाना पेठ हनुमान पेठ म्हणून वसली होती, तर गंज पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. लष्कर भागातील आणि खडकीतील बंगल्यांची नोंद छावणीच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असते आणि तेथील जमीन अनेकदा सरकारची, वरची इमारत मात्र खाजगी अशी स्थिती असते; ते स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे त्यात शिरत नाही.

वाडा पाडून तेथे इमारत झाली असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. सदनिकेच्या करारनाम्याची किंवा अपार्टमेंटच्या घोषणापत्राची सुरुवातीची पाने सहसा कोणी वाचत नाही, पण मिळकत कोणाकडून कोणाकडे आली याची हकिगत तेथेच दिलेली असते. वकिलाने काढलेला सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या शोधाचा अहवाल, बहुधा गेल्या 30 वर्षांचाच असतो. इतिहास शोधणाऱ्याला तो उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो.

मिळकत पत्रिका कशी वाचावी

नगर भूमापन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्यावा. तो आता संगणकीकृत स्वरूपातही मिळतो, पण आपल्या कामासाठी जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल आग्रहाने मागावी, कारण कंस मारून कमी केलेली नावे, खाडाखोड आणि समासातील शेरे तिच्यातच दिसतात. वरच्या भागात क्षेत्र, धारणाधिकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे), सुविधाधिकार (वाट, पाणी यांसारखे वापराचे हक्क) आणि "हक्काचा मूळ धारक" हे रकाने असतात; खालच्या भागात दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक आणि नवीन धारक किंवा भार यांच्या नोंदी एकाखाली एक येतात. "मूळ धारक" या शब्दाने फसू नये. भूमापनाच्या वेळी ज्याचा हक्क मान्य झाला तो येथला मूळ धारक. घर बांधणारा तो असेलच असे नाही. भूमापनाच्या वेळी कोणी कोणते कागद दाखवले आणि कोणी हरकत घेतली हे चौकशी नोंदवहीत असते, म्हणून तिची नक्कलही त्याच अर्जात मागावी. आमच्या घराच्या नोंदवहीत अवघ्या दोन ओळी होत्या, पण त्यांतच आधीच्या खरेदीखताची तारीख सापडली.

या पत्रिकेतील संक्षेप समजून घेतले नाहीत तर माणसांची गल्लत होते. नावाआधी "ए.कु.मॅ." असेल, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदलेली आहे आणि तिच्यामागे भाऊ, पुतणे असे इतर हक्कदार आहेत. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, तेथे मालक तो लहान मुलगा आहे आणि पुढे लिहिलेले नाव त्याच्या आईचे किंवा मामाचे असू शकते. पत्रिकेवर नाव आहे एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवावे. ही नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, आणि मिळकतकराच्या बिलाचे तर त्याहून अधिक: आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली तरी बिल आजोबांच्याच नावाने येत असलेली घरे प्रत्येक आळीत आहेत.

चतुःसीमा: सर्वांत दुर्लक्षित पुरावा

पत्रिकेत खरेदीची नोंद दिसली की दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. पुणे शहराच्या दस्तांची नोंदणी हवेली या नावाच्या क्रमांकित कार्यालयांत होते. तेथे सूची क्रमांक 1 पक्षकारांच्या नावांप्रमाणे आणि सूची क्रमांक 2, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू, मिळकतीप्रमाणे लावलेली असते. स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या या सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येतात आणि दस्ताची प्रमाणित नक्कल मागता येते. मृत्युपत्रांच्या नोंदींना मात्र हा नियम लागू नाही. साधारण 2002 नंतरचे दस्त संगणकावर शोधता येतात. त्याआधीच्या काळासाठी जाडजूड वह्या वर्षावर्षाने उलटाव्या लागतात, आणि त्यासाठी आठवड्यातील काही सकाळी राखून ठेवण्याची तयारी असावी. सक्तीच्या नोंदणीचा कायदा 1864 साली आला, त्यामुळे ही वाट 1865 च्या सुमारापर्यंत मागे नेता येते.

वह्या पाहताना बहुतेक जण आपल्याच घराचा दस्त शोधतात आणि तो न सापडल्यास थांबतात. माझ्या मते येथेच खरा शोध सुरू होतो. प्रत्येक खरेदीखतात, गहाणखतात आणि वाटणीपत्रात मिळकतीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याची भिंत व सामाईक बोळ, पश्चिमेस सरकारी रस्ता. याचाच अर्थ असा की आपल्या शेजाऱ्याने ज्या ज्या वर्षी घर विकले, गहाण टाकले किंवा वाटून घेतले, त्या त्या वर्षी आपल्या घराचा तेव्हाचा मालक कोण होता हे त्याच्या कागदात लिहिले गेले आहे. चार बाजूंच्या चार घरांचे दस्त काढले तर आपल्या घराच्या मालकांची नावे निरनिराळ्या वर्षांवर खिळ्यांसारखी ठोकली जातात. आमच्या घरात 1910 आणि 1930 च्या दशकांतील दोन दस्तांमध्ये मोठी पोकळी होती. उत्तरेकडील घराच्या एका गहाणखतात "दक्षिणेस" या शब्दापुढे एका बाईचे नाव आणि तिच्या मृत पतीचे नाव आले, आणि त्यावरून सूची क्रमांक 1 मध्ये तिचा दस्त सापडला.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दस्त लिहिणारे जुन्या दस्तावरून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवून घेत, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी घर विकून गेलेला शेजारी नव्या कागदातही नांदत असतो. दोन वेगवेगळ्या बाजूंच्या कागदांत एकच नाव आले तर ते बऱ्यापैकी खात्रीचे मानावे. एकाच कागदावर भिस्त ठेवू नये.

कागदाचा प्रकार आणि त्यातील बायका

प्रत्येक दस्त विक्रीचा नसतो. "मुदतखरेदी" असे लिहिलेला कागद वरकरणी खरेदीखतासारखा दिसतो, पण ठरावीक मुदतीत रक्कम परत केल्यास घर परत मिळण्याची अट त्यात असते. म्हणजे तो बहुतेक वेळा कर्जाचाच व्यवहार असतो. असा कागद पाहून मालक बदलला असे लिहून टाकल्यास पुढचा सारा क्रम चुकतो. नजरगहाणात घराचा ताबा मालकाकडेच राहतो, ताबेगहाणात तो सावकाराकडे जातो आणि सावकार तेथे भाडेकरू ठेवतो. गहाण फिटल्याची पावती किंवा फारकतीचा कागद सापडेपर्यंत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

मालक मृत्यूने बदलला असेल तर निबंधकाकडे बहुधा काही सापडणार नाही. तेथे वारस नोंदीचा अर्ज, न्यायालयातील वाटणीचा हुकूमनामा, दत्तकपत्र किंवा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचा ग्रंथ, उपयोगी पडतो. दत्तकामुळे विशेष घोटाळा होतो. दत्तक गेलेल्या मुलाचे वडिलांचे नाव बदलते, अनेकदा आडनावही बदलते, आणि कागदोपत्री तो एकदम परका माणूस वाटू लागतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील कुळाच्या नोंदी अशा वेळी पाहाव्यात. त्यांत मुलाचे जन्माचे आणि दत्तक घराणे दोन्ही कधीकधी मिळून जाते.

बायकांच्या बाबतीत थोडे थांबून सांगणे मला आवश्यक वाटते, कारण घराण्याच्या तोंडी इतिहासातून त्याच सर्वांत आधी गळतात. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी पतीच्या मिळकतीवर विधवेचा हक्क आला तरी तो मर्यादित, हयातीपुरता असे. तिला घर विकायचे असल्यास "कायदेशीर गरज" दाखवावी लागे, आणि खरेदीदारही पुढील वारसांच्या दाव्याच्या भीतीने ती गरज दस्तात तपशिलाने लिहून घेई: पतीचे कर्ज, मुलीचे लग्न, घरपट्टीची थकबाकी, पतीची उत्तरक्रिया. त्यामुळे विधवेने लिहून दिलेला दस्त पुरुषाच्या दस्तापेक्षा कितीतरी अधिक बोलतो. आमच्या घराची ती विस्मृत मालकीण, तिच्यावरील दोन सावकारांचे देणे आणि तिच्या मुलीचे ठरलेले लग्न, हे सगळे तिच्या एका खरेदीखतातून मला कळले. आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत हयातीपर्यंत राहण्याची मुभा तिने खरेदीदाराकडून लिहून घेतली होती, हेही. वाटणीपत्रांत आणि हुकूमनाम्यांत पोटगी व राहण्याचा हक्क अशी कलमे असतात, तीही याच दृष्टीने वाचावीत. जुन्या कागदांत "कोम" किंवा "भ्रतार" या शब्दापुढे पतीचे नाव येते आणि "गं. भा." हे विधवेच्या नावाआधी लावले जाते. महाराष्ट्रात 1994 च्या आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क मिळाला. त्यानंतरच्या हक्कसोडपत्रांत बहिणींची माहेरची व सासरची नावे एकत्र सापडतात आणि वंशावळीतील रिकाम्या जागा भरून निघतात.

मोडी, शके आणि दफ्तरे

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातीलही अनेक दस्त मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नसतो, म्हणून आडनावे वाचताना चूक होते. दोन-तीन महिने नियमित सराव केला तर ठरावीक साच्याचा दस्त स्वतःला वाचता येऊ लागतो, कारण मायना, तपशील आणि शेवट बहुधा ठरलेल्या शब्दांत असतात. तोवर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि नावांचे शब्द दोघांनी स्वतंत्रपणे वाचून ताडावेत. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ, जे 1910 साली स्थापन झाले, हे या विद्येचे पुण्यातील जुने घर आहे.

तारखांचे गणित आधीच पाठ करून ठेवावे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला 79 मिळवावेत. दख्खनी फसली सनात 590 किंवा 591 मिळवतात. पेशवाईतील कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि त्यात 599 किंवा 600 मिळवावे लागतात. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे 1177, अर्थात इसवी सन 1776-77. हा सन मृग नक्षत्रापासून, जूनच्या सुरुवातीला बदलतो, हे विसरल्यास एका वर्षाची चूक हमखास होते.

1865 च्या मागे जायचे असल्यास कौन्सिल हॉलजवळील पुणे पुरालेखागाराची वाट धरावी. पेशवे दफ्तर तेथे आहे, आणि 1852 च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम कमिशनसमोर लोकांनी मांडलेले हक्काचे कागदही त्याच परंपरेतील आहेत. घराची जागा इनाम असेल तर येथे काही सापडण्याची आशा धरावी. साध्या गृहस्थाच्या घराबाबत अपेक्षा मर्यादित ठेवावी; पेशवाईत घरांच्या खरेदीविक्रीकडे लक्ष ठेवणे हे कोतवालाच्या कामात येत असल्याने त्या चावडीचे कागद हीच काय ती संधी असते.

भाडेकरू, पूर आणि भिंती

मालकाच्या घरातील कागद नाहीसे होण्याची पुण्यात ठोस कारणे आहेत. 1897 च्या प्लेगमध्ये घरे रिकामी करून लोक शहराबाहेर झोपड्यांत राहिले, आणि एकाच घरात पाठोपाठ मृत्यू झाल्याने मधल्या वारसांची नोंद व्हायच्या आधीच ते गेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले आणि पेट्यांतील खरेदीखते चिखलात गेली. अशा घरांसाठी भाडेकरूंकडे जावे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर एकेक कुटुंब त्याच दोन खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि आपला हक्क टिकावा म्हणून त्यांनी भाडेपावत्या प्राणपणाने जपल्या. पावतीवर मालकाचे नाव आणि सही असते. सही बदललेला महिना म्हणजे मालक बदललेला महिना, किंवा निदान वसुली करणारा बदललेला महिना. आमच्याकडे तळमजल्यावरच्या एका आजींकडे पत्र्याच्या डब्यात 1940 च्या दशकापासूनच्या पावत्या क्रमाने बांधून ठेवलेल्या होत्या. तशाच उपयोगी गोष्टी म्हणजे लग्नपत्रिकांवरील पत्ते, वीज मीटरचे जुने अर्ज आणि वर्तमानपत्रांतील वकिलांच्या जाहीर नोटिसा.

शेवटी वास्तूला विचारावे, आणि वाडा पाडण्याचे ठरले असेल तर हे काम सर्वांत आधी करावे. घर किती खणांचे (दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण) आणि किती चौकांचे, हे जुन्या दस्तात लिहिलेले असते. टेप घेऊन खण मोजले की दस्तातील घर हेच का, याचा उलगडा होतो, आणि एखादा चौक कमी भरला तर वाटणीत तो शेजाऱ्याकडे गेला असावा असा अंदाज बांधता येतो. बुजवलेली दिंडी (लहान दरवाजा), अर्ध्यात तोडलेली तुळई, एका खोलीतून दुसऱ्या घरात जाणारा बंद दरवाजा या वाटणीच्या खुणा आहेत. मंगलोरी कौलांवर कारखान्याचे नाव असते, आणि असे कौल बनवणारा मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना 1865 चा असल्याने ते छप्पर त्याआधीचे नाही एवढे तरी ठरते. अंगणात दगडी हौद असेल आणि त्यात बाहेरून आलेली जुनी नळाची वाट दिसत असेल, तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या कात्रजच्या नळाशी त्याचा संबंध तपासावा. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि मागे दिशा लिहावी.

सगळे जमा झाल्यावर एक तक्ता करावा: वर्ष, मालक, घर कसे आले, कशावरून कळले, किती खात्री. जेथे कागद नाही तेथे अंदाजाने नाव भरू नये, ओळ कोरी ठेवावी आणि तिच्यापुढे कोणती दफ्तरे पाहून झाली ते लिहावे, म्हणजे पुढच्या शोधणाऱ्याचे श्रम वाचतील. तक्त्याच्या चार-पाच प्रती करून एक घरात, एक वकिलाकडच्या मूळ कागदांसोबत आणि एक शेजाऱ्यांकडे ठेवावी, कारण तो त्यांच्याही घराचा चतुर्थांश इतिहास असतो. आमच्या तक्त्याची एक प्रत मी तळमजल्यावरच्या आजींना दिली. त्यांनी ती पत्र्याच्या डब्यात, पावत्यांच्या वर ठेवली.